रिकाम्या जागा

"आई, ही काकू आपल्याकडे बघत का नाही?"

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लेकीच्या वर्गाची सहल कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात निघाली होती आणि मदतीला म्हणून दोन पालक हवे होते. घरी असणारी आई म्हणून माझं नाव आपोआप पुढे आलं. नोव्हेंबरचा महिना, बाहेर भुरभुर पाऊस, बावीस मुलांचे ओले कोट आणि टोप्या सांभाळता सांभाळता माझी तारांबळ उडालेली. चित्रं बघायला उसंत कुठली! तेवढ्यात लेकीनं हात ओढून हा प्रश्न विचारला.

समोर एक लहानसं चित्र होतं. जुन्या घरातली एक खोली. खिडकीतून आलेलं ऊन जमिनीवर पडलंय आणि खिडकीच्या चौकटींची नक्षी त्या उन्हात उमटलीय. टेबलापाशी काळ्या पोशाखातली एक बाई बसलीय. तिचं आपल्याकडे अजिबात लक्ष नाही. बस, एवढंच चित्र. चित्रकाराचं नाव विल्हेल्म हामर्सहॉय, साल १९०१.

संग्रहालयातल्या ताईंनी मुलांना विचारलं, "ही बाई काय करत असेल?" एक म्हणाला, रडतेय. दुसरी म्हणाली, बटाटे सोलतेय. तिसरा म्हणाला, फोन बघतेय, आणि सगळे खिदळले. माझी लेक जरा विचार करून म्हणाली, "तिला आत्ता कुणी हाक मारत नाहीये."

दिवसातून पन्नास वेळा "आई" अशी हाक मारणारी हीच ती कन्या! मी हसले खरी, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. त्या दिवसापासून मी या चित्रकाराच्या मागे लागले. मी काही कलेची अभ्यासक नव्हे. मराठीत एम.ए. केलं, साताऱ्याच्या एका शाळेत आठ वर्षं शिकवलं आणि सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. तेव्हा हे लिखाण जाणकाराचं नाही, बघणारीचं आहे, असं समजून वाचावं.

एक घर, एक बायको, थोडे रंग

हामर्सहॉयचा जन्म १८६४ साली कोपनहेगनमध्येच झाला आणि १९१६ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, घशाच्या कर्करोगानं तो गेला. आईचा त्याच्यावर फार जीव. त्याच्याविषयी छापून आलेला प्रत्येक कागद ती कापून वहीत चिकटवून ठेवत असे. हे वाचलं तेव्हा मला माझ्या आजोबांची कात्रणांची वही आठवली. आया आणि आजोबा सगळीकडे सारखेच.

एकविसाव्या वर्षी त्यानं आपल्या बहिणीचं, ॲनाचं, चित्र काढून एका स्पर्धेला पाठवलं. परीक्षकांनी ते बाजूला सारलं. ते चित्र आज इथल्याच हिर्शस्प्रुंग संग्रहालयात मानानं लटकतंय. परीक्षेत नापास झालेल्या चित्राकडे मी, एक जुनी परीक्षक, जरा ओशाळून बघून आले.

१८९१ मध्ये त्याचं इडा इल्स्टेडशी लग्न झालं. इडाचा भाऊ पीटर हाही चित्रकार. १८९८ पासून १९०९ पर्यंत हे जोडपं क्रिस्तियान्सहाउन भागात, स्ट्रानगेड रस्त्यावरच्या ३० नंबरच्या घरात राहिलं. घर सतराव्या शतकातलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. या घराच्या खोल्या हामर्सहॉयनं पुन्हा पुन्हा रंगवल्या. तेच दार, तीच खिडकी, तेच टेबल. आज टेबल भिंतीशी, उद्या मधोमध, परवा खोलीत काहीच नाही. रंग म्हणाल तर राखाडी, पांढरा, काळा, थोडा तपकिरी, क्वचित निळसर झाक. मुलाखतीत त्यानं सांगितलं होतं की चित्राचा विषय निवडताना तो आधी रेषा पाहतो, चित्राची बांधणी पाहतो, आणि मग अर्थातच प्रकाश. रंग जितके कमी तितकं चित्र चांगलं उतरतं, असंही त्याचं मत होतं.

आपण मराठी माणसं रंगांच्या बाबतीत काटकसर करणारी नव्हे. पैठणीचे काठ बघा, नाहीतर दिवाळीतली रांगोळी बघा. त्यामुळे पहिल्यांदा ही चित्रं मलाही फिकी वाटली. आमच्या भिशीतली एक मैत्रीण तर म्हणाली, "अगं, हे तर फेब्रुवारीतलं डेन्मार्क! ते बघायला तिकीट कशाला काढायचं?" तिचं अगदीच चूक नव्हतं. पण थोडं थांबून बघितलं, की त्या राखाडीत किती राखाडी आहेत ते दिसायला लागतं. कडा सगळ्या किंचित पुसट, छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी केलेल्या. भिंत सपाट वाटते, पण जवळून पाहिली तर हवा हलतेय असं वाटतं.

माणूस असलेली खोली, माणूस नसलेली खोली

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. हामर्सहॉयनं एकच खोली माणसासह रंगवली आणि माणसाशिवायही रंगवली. आमच्या सहलीत पाहिलेल्या १९०१ च्या चित्रात बाई आहे. लंडनच्या टेट संग्रहालयातलं १९०६ चं चित्र आहे, त्यात जमिनीवरचं ऊन आहे, पण बाई नाही. आणि या सगळ्यांच्या आधीचं, १९०० सालचं, माझं सर्वांत आवडतं चित्र शहराच्या उत्तरेला शार्लोटेनलुंडच्या ओर्द्रुपगोर संग्रहालयात आहे. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा, उन्हाच्या तिरिपेत नाचणारे धूलिकण. चित्रात एक खिडकी, एक बंद दार, तिरकी उतरणारी उन्हाची तिरीप आणि जमिनीवर तिचा चौकोन. खुर्ची नाही, टेबल नाही, माणूस नाही.

आमच्या शाळेत पाच गुणांचा प्रश्न ठरलेला असे, 'रिकाम्या जागा भरा'. आठ वर्षांत किती भरून घेतल्या असतील कोण जाणे. जागा रिकामी ठेवली की गुण गेले, हे मी मुलांच्या मनावर पक्कं ठसवलं होतं. त्यामुळे रिकामं काही दिसलं की माझा हात शिवशिवतो. या चित्रापुढे उभी राहून मी तेच करत होते. इथे कोण राहत होतं? कुठे गेलं? काही वाईट तर घडलं नाही ना? हामर्सहॉयवर लिहिणाऱ्यांनीही हेच केलंय. कुणी त्या खोल्यांत दुःख भरलं, कुणी भीती, कुणी बिघडलेला संसार. तो स्वतः फार कमी बोलत असे. रिल्के हा मोठा जर्मन कवी १९०४ मध्ये त्याला भेटायला आला होता, त्याच्यावर लिहायचं मनात धरून. तो लेख काही लिहून झाला नाही. रिल्केला जमलं नाही तिथे आपण घाई कशाला करा?

हामर्सहॉयनं स्वतः याबद्दल एकदा सांगितलं आहे. अशा खोलीत माणसं नसली तरी तिच्यात सौंदर्य असतंच, किंबहुना नसतात तेव्हाच ते असावं, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. हे वाचलं तेव्हा मला जरा तुसडं वाटलं. माणूस नको, खोली हवी? हे कसलं सौंदर्य?

त्याचा अर्थ मला मागच्या वर्षी कळला. चित्रं बघून नव्हे, फोनवर.

दुपारचे चार

मागच्या वर्षी फेब्रुवारीत आई गेली. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचा जो अनुभव तोच माझा. रात्री फोन आला, मिळालं त्या विमानाचं तिकीट काढलं, मुंबईहून गाडीनं घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं. तेरावा करून परत आले. इथे आल्यावर लेकीची शाळा, डबे, धुणी, सगळं पूर्वीसारखं सुरू झालं.

आई असताना रोज व्हिडिओ कॉल असायचा. तिकडचे दुपारचे चार, इकडचे साडेअकरा. आई चहा टाकायची, फोन ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि पाठमोरी उभी राहून बोलत राहायची. तिचा चेहरा कमी दिसायचा, पाठच जास्त. "अगं, इकडे बघून बोल ना," असं मी किती वेळा म्हटलं असेल! "चहा ऊतू जाईल, मग बघ तूच," असं उत्तर यायचं.

ती गेल्यावर बाबांनी कॉलची वेळ बदलली नाही. चहा आता ते करतात. फोन त्याच डब्याला टेकवतात. पण बाबांना सवय नाही. साखर संपलीय म्हणून दुकानात जातात, दारावर कुणी आलं म्हणून बाहेर जातात, आणि फोन तसाच राहतो. मग माझ्यासमोर आमचं रिकामं स्वयंपाकघर. पश्चिमेची खिडकी, तिच्या गजांमधून शहाबादी फरशीवर आलेलं ऊन, भिंतीवरची फळी, कोपऱ्यातला आईचा पाट. पाच-पाच मिनिटं काही हलत नाही.

पहिले काही महिने मी अशा वेळी फोन पालथा घालत असे. बाबा परत आले की हाक मारायचे, मग उचलायची. ती रिकामी जागा मला बघवत नव्हती.

उन्हाळ्यात एकदा लेकीला घेऊन ओर्द्रुपगोरला गेले आणि पुन्हा त्या धूलिकणांच्या चित्रासमोर उभी राहिले. आणि या वेळी काही भरावंसं वाटलं नाही. मला एकदम दिसलं, की ही खोली रिकामी नाही, राहती आहे. कुणीतरी काच पुसलीय. कुणीतरी जमीन झाडलीय. बघणाऱ्याला इथे सूर्य किती वाजता येतो ते रोजच्या सवयीनं ठाऊक आहे. अनोळखी माणसाला असं ऊन रंगवता येणार नाही. इडा चित्रात असो की नसो, खोली तिचीच आहे. बाजूच्या चित्रात ती टेबलाशी बसली होती, या चित्रात बाहेर गेली असेल, साखर आणायला म्हणा.

दुसऱ्या दिवशी बाबा दारावर गेले तेव्हा मी फोन पालथा घातला नाही. ऊन फरशीवरून पाटापर्यंत सरकलं तेवढा वेळ बघत बसले. रडू आलं का? आलं. पण डोळे फिरवले नाहीत.

पाठमोरी इडा

आता इडाविषयी. हामर्सहॉयच्या चित्रांत ती बहुतेक वेळा पाठमोरी असते. रांडर्सच्या संग्रहालयातलं १९०४ च्या सुमाराचं चित्र प्रसिद्ध आहे. काळा पोशाख, वर बांधलेले केस, उघडी मान, काखेत धरलेलं तबक आणि जवळच एक निळ्या फुलांचं चिनी मातीचं झाकणाचं मोठं भांडं. ती आत्ताच आलीय की निघालीय, काही कळत नाही.

इथे नव्यानं येणाऱ्या आपल्या मैत्रिणींना हे चित्र मी दाखवते तेव्हा दोन मतं पडतात. एक म्हणते, "बिचारी! नवऱ्यानं नुसती फर्निचरसारखी उभी केलीय." मलाही कधी कधी तसं वाटतं. नोकरी सोडून नवऱ्यामागून आलेल्या बाईला ते वाटणारच. पहिल्या वर्षी माझ्या व्हिसावर मी अमक्याची बायको होते, शाळेत तमकीची आई होते, आणि डॅनिश शिकवणीच्या वर्गात स्वतःचा व्यवसाय सांगायची पाळी आली तेव्हा 'शिक्षिका' म्हणावं की 'शिक्षिका होते' म्हणावं, इथेच अडले होते. भूतकाळ तेवढा पक्का आला.

दुसरं मत माझ्या लेकीचं. तिला आत्ता कुणी हाक मारत नाहीये. पाठमोरी बाई म्हणजे दुर्लक्षिलेली बाई असं नव्हे. ती आपल्या कामात आहे, आपल्या विचारात आहे, आणि चित्रकार तिला "इकडे बघ" म्हणत नाहीये. माझी आई पाठमोरी उभी राहून चहा ढवळत बोलायची, तेव्हा ती माझ्यापासून लांब नव्हती. उलट, चेहरा करून बोलावं लागत नाही इतकी मी तिची होते.

दोन्ही मतं खरी असावीत. आणि म्हणूनच १९०७ चं एक चित्र जरूर बघा, ते ऑरहूसच्या संग्रहालयात आहे. त्यात इडा समोरून दिसते. हातात चमचा, पुढ्यात कप. अडतीस वर्षांची इडा, म्हणजे आज माझं जे वय आहे तेच. चेहरा थकलेला, हिरवट छटेचा, कपाळावरची शीरसुद्धा त्यानं सोडली नाही. तरुण, सुंदर दाखवायचा मोह कुठेच नाही. हे चित्र पाहिल्यावर मी ठरवलं, हा माणूस बायकोकडे बघत नव्हता असं मी कुणाला म्हणू देणार नाही.

ऊन आणि दिवा

आपल्याकडे एकटी बाई आणि प्रकाश म्हटलं की आठवतं ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं चित्र. हातात दिवा घेतलेली स्त्री, वाऱ्यापासून जपायला ज्योतीपुढे धरलेला हात आणि बोटांमधून झिरपणारा उजेड. जलरंगातलं हे चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळांना ते राजा रविवर्म्यांचंच वाटतं. हळदणकरांनी त्यासाठी आपल्या मुलीलाच, गीताला, उभं केलं होतं. तिथेही घरातलंच माणूस, इथेही घरातलंच. फरक एवढाच की आपल्याकडे प्रकाश हातात घेऊन येतात आणि इथे तो खिडकीत येईपर्यंत वाट बघतात. डिसेंबरात साडेतीननंतर सूर्य मावळतो त्या देशात जमिनीवरचा उन्हाचा चौकोन हाही एक सणच आहे. सहा हिवाळे काढल्यावर हे पटायला लागतं.

जाता जाता एक गंमत. हामर्सहॉयनं शहरही रंगवलं, पण तिथेही माणूस नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमजवळचा धुक्यातला रस्ता सुनसान, आणि स्वतःच्या घरासमोरची एशियाटिक कंपनीची जुनी इमारत तीही ओस. १९१३ मध्ये तो त्याच इमारतीत राहायला गेला. ही डॅनिश कंपनी आपल्या तामिळनाडूतल्या तरंगंबाडीशी व्यापार करत असे, आणि ते ठाणं ज्या तंजावरच्या राज्यात होतं तिथे तेव्हा भोसले घराण्याचं राज्य होतं. तंजावरच्या मराठी राजांना डॅनिश लोक तरंगंबाडीचा खंड भरत! त्या फाटकापुढून जाताना मी लेकीला हे नेमकं सांगते. तिला आता पाठ झालंय.

बघायला जाणार असाल तर

राष्ट्रीय संग्रहालय आणि हिर्शस्प्रुंग एकमेकांपासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहेत. राष्ट्रीय संग्रहालयात अठरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. डेव्हिड संग्रहालयाला तर कुणालाच तिकीट नाही. तिथे हामर्सहॉयचं १९०५ चं उघड्या पांढऱ्या दारांचं चित्र आहे. एका दारातून दुसरं दार, माणूस कुठेच नाही. त्याच इमारतीत मुघल आणि दख्खनी चित्रंही आहेत, त्यामुळे भारतातून आलेले आईबाबा कंटाळणार नाहीत. जाण्याआधी संग्रहालयाला विचारून घ्या, कारण ही चित्रं परदेशी प्रदर्शनांना जात-येत असतात.

मुलांना नेलंत तर एक खेळ खेळा. चित्रापासून जरा लांब उभं राहून एक डोळा मिटायचा आणि अंगठा धरून चित्रातली बाई झाकायची. मग अंगठा काढायचा. खोली बदलली का ते विचारायचं. आमच्या घरी यावर अर्धा तास वाद झाला आणि निकाल अजून लागलेला नाही.

या दिवाळीतही फराळ इथेच होईल. चकलीची भाजणी बाबांनी कुणाबरोबर तरी पाठवलीय. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते म्हणाले आहेत, की आई लावायची तशी पणती स्वयंपाकघराच्या खिडकीतही लावणार. पणती लावून ते पुढच्या दारी रांगोळीपाशी जातील, आणि जाताना सवयीनं विचारतील, "फोन बंद करू का?"

मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय. "नको बाबा. तिथेच राहू द्या. मी बघतेय."